किंडल घ्यायचं का विचारण्याआधी त्यात काय वाचणार ते ठरवा

सोलापूर-पुण्याच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये सकाळी किंडलसारखा ई-रीडर काढून बसलं की कुर्डुवाडी यायच्या आत शेजारचा माणूस विचारतोच, हे काय आहे ओ, टॅब आहे का. नाही म्हटलं की पुढचे प्रश्न ठरलेले, व्हिडिओ चालतो का, नाही, व्हॉट्सअप, नाही, कलर तरी आहे का, ते पण नाही. मग किंमत विचारतो आणि साधारण सतरा हजार म्हटलं की तोंड वाकडं करून म्हणतो, एवढ्यात तर चांगला मोबाईल येतोय की. खोटं नाहीये ते. मोबाईलवर पुस्तक वाचता येतं, फुकट ॲप आहेत, मग फक्त वाचायला एक वेगळं मशीन लोक का घेतात, आणि घेतल्यावर आपल्या मराठी माणसाला त्याचा किती उपयोग, हे जरा नीट सांगतो. कारण जाहिरातीत अर्धंच सांगतात आणि दुकानदाराला बऱ्याचदा तेवढंही माहीत नसतं.

आधी स्क्रीनचं बघू. मोबाईलची, टीव्हीची स्क्रीन स्वतः उजेड फेकते आणि आपण त्या उजेडाकडे बघत बसतो, शिवाय ती सेकंदाला साठ वेळा, हल्ली तर एकशेवीस वेळा, चित्र नव्याने काढत असते, तुम्ही एकाच पानावर दहा मिनिटं अडकलेले असलात तरी. ई-रीडरची स्क्रीन तसलं काही करत नाही. तिला ई-इंक म्हणतात, इलेक्ट्रॉनिक शाई, आणि ती कागदासारखी बाहेरचा उजेड परत पाठवते, बस.

हे समजायला सोलापूरच्या माणसाला लांब जायला नको, अंगावरची चादर घ्या. आपल्या जॅकार्डच्या चादरीत एका बाजूला पांढऱ्यावर काळा मोर असेल तर उलट्या बाजूला तोच मोर काळ्यावर पांढरा दिसतो, कारण दोन्ही रंगाचे धागे आतच असतात, कुठल्या जागी कुठला धागा वर आणायचा आणि कुठला खाली ढकलायचा एवढंच माग ठरवतो. ई-इंकमध्ये अगदी हेच चालतं, फक्त धाग्याच्या जागी कण. स्क्रीनच्या आत केसाच्या जाडीएवढ्या लाखो बारीक कुप्या असतात, त्यात पारदर्शक द्रव आणि त्यात पांढरे नि काळे कण, पांढरे टायटॅनियम डायऑक्साइडचे म्हणजे घराच्या पांढऱ्या रंगात असतं तेच, आणि काळे कार्बनचे. दोघांवर उलटसुलट विद्युतभार. कुपीखालच्या इलेक्ट्रोडला एका दिशेने व्होल्टेज दिलं की पांढरे वर येतात, उलटं दिलं की काळे वर येतात. अशा बिंदूंचं अक्षर होतं, चांगल्या रीडरमध्ये एका इंचात असे ३०० बिंदू बसवतात त्यामुळे अक्षराची कड छापल्यासारखी दिसते.

आणि खरी गंमत पुढे आहे. वीज काढून घेतली तरी कण जिथे आहेत तिथेच राहतात. म्हणजे पान उलटताना वीज लागते, पान वाचताना लागत नाही. म्हणूनच याची बॅटरी दिवसात नाही तर आठवड्यात मोजतात (वायफाय चालू ठेवलं आणि रात्री लाईट फुल्ल केली तर तेवढी पुरत नाही, हे डब्यावर बारीक अक्षरात असतं). आपल्याकडे लाईट गेली की मोबाईलची बॅटरी जपून वापरणारी माणसं आपण, त्यामुळे हा मुद्दा मला तरी मोठा वाटतो.

पण याच कारणाने व्हिडिओ चालत नाही. कण द्रवातून पोहत वर येणार, त्याला वेळ लागतो, अख्खी स्क्रीन नीट साफ करून नवं पान आणायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास जातो. कधीकधी आधीच्या पानाची पुसट सावली मागे राहते, ती घालवायला मशीन मधूनच एकदा सगळं काळं-पांढरं करून घेतं, नवीन माणूस ते बघून दचकतो की बिघडलं का काय. बिघडलेलं नसतं.

उन्हात हे मशीन खरं शोभून दिसतं. एप्रिलात दुपारी मोबाईलच्या स्क्रीनवर हात आडवा धरल्याशिवाय काही दिसत नाही, ई-रीडर मात्र जेवढं ऊन तेवढा स्पष्ट. फक्त आपल्याकडे ऊन म्हणजे नुसता उजेड नसतो ना. या मशीनच्या मॅन्युअलमध्ये साधारण ३५ डिग्रीपर्यंत वापरा असं लिहिलेलं असतं आणि सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर बसलेला असतो, तेव्हा गाडीच्या डॅशबोर्डवर टाकून देवदर्शनाला जाऊ नका, स्क्रीनचं माहीत नाही पण बॅटरीचं वाटोळं होईल. रात्रीसाठी आता जवळपास सगळ्या रीडरला आतला लाईट असतो, २०१२ च्या किंडल पेपरव्हाइटपासून ते जास्त रूढ झालं, तो लाईट मोबाईलसारखा मागून येत नाही, कडेच्या बारीक एलईडीचा उजेड वरच्या थरातून पानावर पडतो आणि पानावरून आपल्याकडे येतो. झोपेचं पण विचारतात लोक. २०१४ च्या शेवटी बोस्टनच्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता, झोपायच्या आधी चमकत्या स्क्रीनवर वाचणाऱ्यांना झोप लागायला कागदवाल्यांपेक्षा दहाएक मिनिटं जास्त लागली. बातमीत सगळीकडे ई-रीडर वाईट असं छापून आलं, पण त्यात वापरला होता आयपॅड, ई-इंक नाही, आणि माणसं होती फक्त १२. त्यामुळे त्यावरून ई-इंकला दोष देण्यात अर्थ नाही, आणि ई-इंकने झोप सुधारते असं कोणी सांगत असेल तर तेही त्यातून निघत नाही.

इतिहास थोडक्यात उरकतो. अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जोसेफ जेकबसन नावाच्या प्राध्यापकाच्या डोक्यात कल्पना आली, बॅरेट कॉमिस्की आणि जे. डी. अल्बर्ट या कॉलेजात शिकणाऱ्या दोन पोरांनी ती करून दाखवली आणि १९९७ मध्ये ई-इंक कंपनी निघाली. पहिलं विकायला आलेलं मशीन सोनीचं, २००४, जपानात. चाललं नाही फारसं. मग नोव्हेंबर २००७ मध्ये ॲमेझॉनने किंडल आणलं, ३९९ डॉलरला, आणि साडेपाच तासात माल संपला. मशीन काही देखणं नव्हतं, दोनेकशे पुस्तकं मावायची, पण त्यात बसल्या जागी पुस्तक विकत घेऊन मिनिटाभरात वाचायला सुरुवात करता येत होती, कॉम्प्युटर न लावता. लोकांनी पैसे दिले ते स्क्रीनला कमी आणि त्या सोयीला जास्त, असं माझं मत. आज ती ई-इंक कंपनी तैवानच्या मालकीची आहे आणि किंडल घ्या, कोबो घ्या, चीनचं बूक्स घ्या, आतली स्क्रीन बहुतेक तिचीच.

आता कोणाला खरंच उपयोगी? माझ्या आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्यानंतर तिला छापील पुस्तकाचं अक्षर दमवायला लागलं, मोठ्या टायपातली पुस्तकं मराठीत शोधून मिळत नाहीत. रीडरवर तिने अक्षर एवढं वाढवलं की पानावर सात-आठ ओळीच मावतात, आणि बसते वाचत. वजन दीडशे-दोनशे ग्रॅम, आडवं पडून छातीवर धरलं तरी मनगट दुखत नाही, जाडजूड कादंबरी तशी धरून बघा एकदा. साठीच्या पुढच्या माणसाला घेऊन द्यायची भेट म्हणून मी हेच सांगतो सगळ्यांना, पोरांना नाही. पोरांच्या अभ्यासाला कागदच बरा. २०१८ मध्ये ५४ अभ्यास एकत्र करून बघितले होते, पावणेदोन लाखाच्या आसपास वाचक होते त्यात सगळे मिळून, माहितीचा मजकूर स्क्रीनपेक्षा कागदावर जास्त चांगला समजतो असं निघालं, वेळेचं बंधन असेल तर फरक आणखी मोठा, पण गोष्ट-कादंबरी वाचताना मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणजे कादंबरीवाल्यांनी निवांत राहावं.

आणि एक, त्यात दुसरं काही चालत नाही हाच त्याचा मोठेपणा आहे. मोबाईलवर तिसऱ्या पानाला ग्रुपवर कोणाचा तरी गुड मॉर्निंग येऊन पडतो आणि मग वाचन संपलंच. शेजारचा माणूस ज्याला तोटा म्हणतोय त्यासाठीच तर मी पैसे दिलेत.

बरं हे झालं मशीनचं. इथपर्यंत सगळं छान आहे आणि मला विचाराल तर स्क्रीनचा प्रश्न सुटल्यात जमा आहे. आपलं घोडं अडतं ते पुस्तकापाशी.

ई-पुस्तक म्हणजे नेमकं काय? दोन प्रकार धरा. एक ईपब, ज्यात नुसता मजकूर असतो आणि अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने लागतात, माझ्या आत्याचं काम यानेच होतं. दुसरं पीडीएफ, म्हणजे छापायच्या पानाचा जसाच्या तसा फोटो म्हणा, पान जेवढं आहे तेवढंच राहणार, सहा-सात इंची स्क्रीनवर ते मुंगीएवढं दिसतं आणि मोठं केलं की प्रत्येक ओळ वाचायला डावीकडून उजवीकडे सरकवत बसा. मराठीत फिरणाऱ्या फुकट फाइलींपैकी बऱ्याच पीडीएफ आहेत. ई साहित्य प्रतिष्ठान कितीतरी पुस्तकं फुकट वाचायला देतं, काम मोठं आहे त्यांचं, पण तिथलीही बरीचशी पीडीएफच, मोबाईल आणि टॅबवाल्यांना चालून जातात, छोट्या रीडरवर त्रास होतो.

मग सगळे ईपब का करत नाहीत, याचं उत्तर आपल्या डीटीपीच्या दुकानात आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या कॉम्प्युटरवर एकच ठरलेला कोड, रुळायच्या आधी, आणि खरं सांगायचं तर नंतरही कितीतरी वर्षं, मराठी पुस्तकं जुन्या फॉन्टमध्ये टाइप व्हायची, पेजमेकर हे पानं लावायचं सॉफ्टवेअर उघडायचं आणि धडाधड बडवायचं. त्या पद्धतीत कॉम्प्युटरच्या लेखी ‘क’ हा क नसतोच, तो इंग्रजी अक्षरांच्या जागी साठवलेला काहीतरी कोड असतो आणि वरून मराठी अक्षराचा मुखवटा घातलेला. त्या फॉन्टशिवाय फाइल उघडली की सगळा कचरा दिसतो. लग्नपत्रिकेची फाइल दुसऱ्या दुकानात नेली आणि उघडलीच नाही हा अनुभव आपल्याकडे नवा नाही. अशा फाइलीपासून ई-पुस्तक करायचं तर आधी युनिकोडमध्ये बदलावी लागते, त्याला कन्व्हर्टर आहेत पण जोडाक्षरं, रफार, अनुस्वार इकडचे तिकडे होतात आणि कोणीतरी ओळन् ओळ वाचून दुरुस्त करायला बसावं लागतं. आणि ज्या पुस्तकाची फाइलच उरलेली नाही, खिळे जुळवून छापलेलं जुनं पुस्तक आहे, ते स्कॅन करून मशीनकडून ओळखून घ्यायचं. आजकाल मशीन बऱ्यापैकी ओळखतं, तरी पिवळ्या पडलेल्या कागदावरचा ‘ख’ बघून ‘रव’ वाचणार, पुसट अनुस्वार गाळून टाकणार, पुन्हा मुद्रितशोधक हवाच. या माणसाची मजुरी कोण देणार? हजार प्रतींची आवृत्ती काढून ती खपायची वाट बघणाऱ्या प्रकाशकाला विचारलं तर तो हात जोडतो, आणि त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

बारीक त्रास आणखी पण आहेत. मराठीत विभक्ती, शब्दयोगी सगळं शब्दालाच चिकटतं त्यामुळे शब्द लांब होतात, छोट्या स्क्रीनवर मोठं अक्षर ठेवून दोन्ही कडा सरळ करायला गेलं की ओळीच्या मधे केवढी तरी भगदाडं पडतात. डावीकडून सरळ आणि उजवीकडे मोकळं अशी सेटिंग असेल तर ती लावा, फरक पडतो. फॉन्ट पण बघून घ्या, काही फॉन्टमध्ये ‘ऱ्य’ धड दिसत नाही, नवीन रीडरमध्ये आपला फॉन्ट टाकायची सोय असते.

ॲमेझॉनने भारतात किंडल आणलं २०१२ मध्ये आणि भारतीय भाषांची पुस्तकं घेतली २०१६ च्या डिसेंबरात, हिंदी, तमिळ, मराठी, गुजराती, मल्याळम. मराठीचा नंबर पहिल्या पाचात लागला हे चांगलंच. पण यादी परत एकदा बघा, त्यात तेलुगू नाही, कन्नड नाही. म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या घरात जिथे आजोबा तेलुगू वाचतात, सून मराठी आणि शेजारीण कन्नड, त्या घरातल्या तिघांपैकी दोघांना तेव्हा त्या दुकानात जागा नव्हती. सोलापुरात बसून हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला वाटतं विकताना ठळक सांगायला पाहिजे. ई-पुस्तक आपण “विकत” घेतो असं म्हणतो पण बहुतेक ठिकाणी ते विकत मिळत नाही, वाचायची परवानगी मिळते. फाइलला कुलूप असतं, डीआरएम म्हणतात त्याला, आणि किल्ली दुकानाकडे. २००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं लोकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली, विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते म्हणून, पैसे परत दिले, नंतर माफी पण मागितली, पण तुमच्या कपाटातलं पुस्तक रात्रीत कोणी घेऊन जाऊ शकतं हे तेव्हा जगाला कळलं. त्यातलं एक पुस्तक नागरिकांवर सतत पाळत ठेवणाऱ्या सरकारबद्दलचं होतं, हा योगायोग कोणी मुद्दाम जुळवूनही जुळला नसता. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, पैसे परत दिले आणि पुस्तकं उघडायची थांबली. २०२३ च्या जूनमध्ये चीनमधलं किंडलचं दुकान बंद झालं. २०२५ च्या फेब्रुवारीत ॲमेझॉनने घेतलेलं पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून वायरने किंडलमध्ये टाकायची सोय काढून टाकली. प्रत्येक वेळी कंपनीची काहीतरी कारणं होतीच म्हणा, पण सोलापूरच्या नवी पेठेतून घेतलेलं पुस्तक दुकानाचं शटर पडलं म्हणून कपाटातून गायब होत नाही.

शिवाय ते पुस्तक मित्राला देता येत नाही, जुन्या पुस्तकवाल्याला विकता येत नाही, आजोबांनी नातवाला ठेवून जाण्यासारखं राहत नाही. आपल्याकडे एक पुस्तक दहा जण वाचतात, हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ठिकाणी तर एकच प्रत पिढ्या वाचतात. अमेरिकेतली सार्वजनिक वाचनालयं ई-पुस्तकंसुद्धा घरी देतात, लिबी नावाचं ॲप आहे, मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं, दंड नाही काही नाही. तिकडे ई-रीडर एवढे रुजले त्याचं एक मोठं कारण मला हे वाटतं, माणूस मशीन एकदा घेतो आणि पुस्तकं फुकट वाचतो. असं मराठीत कोणी उभं केलं तर माझ्यासारखे कितीतरी जण वर्गणी भरायला तयार होतील, सध्या मात्र मशीन पण आपलं आणि पुस्तकाचे पैसे पण आपले. वर करातही दुजाभाव आहे, छापील पुस्तकाला जीएसटी शून्य आणि ई-पुस्तकाला आधी १८ टक्के होता, तो २०१८ मध्ये छापील आवृत्ती असलेल्या पुस्तकांपुरता ५ वर आणला.

फुकट आणि कायदेशीर असा एक रस्ता आहे तो म्हणजे जुनी पुस्तकं. आपल्या कायद्यात लेखक वारल्यावर साठ वर्षं हक्क राहतात, साने गुरुजी १९५० मध्ये गेले म्हणून २०११ पासून त्यांचं लिखाण कोणीही छापू शकतं, वाटू शकतं. मराठी विकिस्रोतावर अशी हक्कमुक्त पुस्तकं स्वयंसेवक स्कॅनवरून उतरवून घेतात, तपासतात, आणि तिथून ती ईपब म्हणून घेता येतात. किंडलला पूर्वी ईपब चालायचं नाही, २०२२ पासून सेंड टू किंडल या ॲमेझॉनच्याच सोयीने पाठवता येतं.

पुढे काय होणार? रंगीत ई-इंक आलीये, कोबो आणि किंडल दोघांनी २०२४ मध्ये काढली, पण रंगासाठी काळ्या-पांढऱ्या थरावर गाळणी बसवतात त्यामुळे रंगात बिंदू निम्मे, इंचाला १५०, आणि कागद जरा मळकट दिसतो. मुलांच्या चित्रांच्या पुस्तकाला, दिवाळी अंकाच्या जाहिरातीला ठीक, कादंबरी वाचणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे घालू नयेत. पेनने लिहायची मोठी मशीनं जोरात आहेत, ती वहीच्या जागी येतील. ऐकायची पुस्तकं तर आलीच, स्टोरीटेलने २०१७ मध्ये भारतात सुरुवात केली तेव्हाच मराठी घेतली होती, आणि आमच्याकडे भाकरी थापता थापता कादंबरी ऐकणाऱ्या बायका रीडर घेणाऱ्यांपेक्षा नक्कीच जास्त आहेत. गंमत म्हणजे ई-इंक आता पुस्तकाबाहेर जास्त फिरतेय, परदेशातल्या मॉलमध्ये रॅकवर किंमतीच्या चिठ्ठ्या असतात ना, त्या याच स्क्रीनच्या, किंमत बदलली की एका ठिकाणाहून सगळ्या बदलतात. रीडर बंद पडेल असं दर दोन वर्षांनी कोणीतरी लिहितंच, मला नाही वाटत तसं, तो फार वाढणार पण नाही, वाचणाऱ्या माणसांपुरता राहील, आणि वाचणारी माणसं किती ते आपल्याला माहितीये.

घ्यायचंच असेल तर आधी एक करा, पैसे न घालता. तुम्हाला पुढच्या वर्षभरात मराठीत जे वाचायचंय त्यातली पाच पुस्तकं कागदावर लिहा आणि ती ईपब किंवा किंडलमध्ये मिळतात का शोधा. नमुन्याची पानं फुकट मिळतात, ती मोबाईलवर उघडून अक्षर भरपूर मोठं करा. ओळी आपोआप लागल्या तर सहा-सात इंची साधा रीडर घ्या, रंगीत नको. पान डावीकडे-उजवीकडे सरकवायला लागलं तर ती पीडीएफ आहे, मग दहा इंचाचा तरी घ्यावा लागेल आणि त्याची किंमत ऐकून हुतात्मातला तो माणूस बरोबर होता असं वाटायला लागेल. पुस्तकं बुकगंगा या मराठी पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानाच्या ॲपमध्येच असतील तर अँड्रॉइडवर चालणारा ई-इंक रीडर बघा, त्यात ॲप टाकता येतात, थोडं संथ चालतं. आणि पाचातली एक-दोनच सापडली तर ते सतरा हजार नवी पेठेत घेऊन जा, मोठी पिशवी न्या सोबत.